६० हजार फोटोंना नावं देताना: आधी बाबा, मग कॉम्प्युटर

ताई, तुमच्याकडे ३ हार्ड डिस्क, ४ जुने फोन, गूगल फोटोजवरून उतरवलेल्या झिप फायली, व्हॉट्सअ‍ॅपचा ढीग असे सगळे मिळून ६० हजारांच्या आसपास फोटो आहेत, शिवाय कपाटात ११ जुने अल्बम आहेत, बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि तुम्ही विचारताय की या सगळ्याला एका झटक्यात व्यवस्थित नावं देणारं सॉफ्टवेअर कुठलं. सॉफ्टवेअर सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, कारण गेली २२ वर्षं मी फोटोच्याच धंद्यात आहे, आधी सांगलीत कलर लॅब, मग लग्नाची फोटोग्राफी, आणि आता ६-७ वर्षं लोकांचे घरचे फोटो लावून द्यायचं काम करतो, आणि या कामात सगळे क्रम उलटा लावतात. डिजिटल फोटोची तारीख त्या फाईलच्या पोटात लिहिलेली असते, ती आज काढली काय आणि ५ वर्षांनी काढली काय, तीच निघणार. पण १९६८ च्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा उभा आहे तो कोण, हे कुठल्याच फाईलीत लिहिलेलं नाही, ते फक्त तुमच्या बाबांच्या डोक्यात आहे. म्हणून सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी येत्या रविवारी बाबांबरोबर बसा.

बसायचं कसं तेही सांगतो, कारण नुसतं अल्बम उघडून "हा कोण, तो कोण" केलं की अर्ध्या तासात माणूस थकतो. प्रत्येक अल्बमला एक अक्षर द्या, क, ख, ग असं, आणि प्रत्येक फोटोला नंबर. नंबर फोटोच्या मागे पेनने लिहायचा नाही, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते, मऊ पेन्सिलने कडेला हलकं लिहा किंवा अल्बमच्या पानावर चिठ्ठी लावा. मग फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं, प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला मोठ्याने "क ४१" म्हणायचं आणि बाबांना बोलू द्यायचं. लिहून घेत बसू नका, लिहिताना तुम्ही खाली बघता आणि बोलणारा थांबतो. एका बैठकीला ३०-४० फोटो खूप झाले.

आणि चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. मागे एका आजींबरोबर बसलो होतो, वय ८६, नजर कमी झालेली, चेहरे बिलकुल ओळखेनात, नातवंडं म्हणाली जाऊ दे आता. मी फोटो भिंगाखाली धरून विचारलं, आजी ही खिडकी कुठली? तर लगेच म्हणाल्या, ही आमच्या माडीवरची, खाली गोठा होता तेव्हाची, गोठा पाडला धाकट्याच्या मुंजीच्या आधी, मग हिच्या कडेवर आहे तो धाकटाच असणार आणि ही माझी नणंद, हे लुगडं तिला भाऊबीजेला आलेलं. एका खिडकीवरून ४ माणसं आणि अंदाजे साल निघालं. त्यामुळे जागा विचारा, घर, दार, भांडी, कपडे, सायकल विचारा, माणसं आपोआप येतात.

जुन्या फोटोची तारीख शोधायला घरातच पुष्कळ पुरावे असतात. भिंतीवरचं कॅलेंडर हा माझा पहिला शोध असतो, स्कॅन मोठं करून बघितलं की महिना दिसतो, आणि कॅलेंडर कालनिर्णय असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही एवढं तरी पक्कं, कारण ते त्याच साली सुरू झालं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बारशाच्या आहेराच्या याद्या काढून ठेवा. पत्रिकेवर नुसती तिथी आणि शके असेल तर शकेमध्ये ७८ मिळवायचे, म्हणजे वैशाख शके १९०० हे १९७८ साल, फक्त पौष माघ फाल्गुनाला जानेवारी ओलांडून गेलेला असतो म्हणून तिथे बहुतेक वेळा ७९ धरावे लागतात. गणपतीच्या फोटोंचं तर फारच सोपं, साल कळलं की चतुर्थीची तारीख मिळतेच. आणि ८०-९० च्या फोटोंवर कोपऱ्यात नारिंगी तारीख छापलेली असते तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्यात बॅटरी बदलली की ती तारीख परत लावावी लागायची आणि कित्येक घरांत कुणी लावतच नव्हतं.

अल्बम स्कॅन करायचे तर ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) भरपूर झालं, त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. अगदी छोटे, तळहाताएवढे ब्लॅक अँड व्हाइट असतील तर १२०० वर करा. निगेटिव्ह सापडल्या तर आनंदाची गोष्ट, त्या टाकू नका, निगेटिव्हवरून प्रिंटपेक्षा जास्त निघतं, पण त्यासाठी फिल्मवाला स्कॅनर आणि २४०० च्या वरचा डीपीआय लागतो. फोटोच्या मागे काही लिहिलेलं किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर मागची बाजूपण स्कॅन करा आणि नाव तेच देऊन शेवटी "मागे" लावा. चिकट पानांचे प्लास्टिकवाले अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा बारीक धागा मिळतो तो फोटो आणि पानाच्या मधून करवतीसारखा हळू हळू न्यायचा. धाग्यानेही निघत नसेल तर तसंच पानासकट स्कॅन करा, फाटण्यापेक्षा ते बरं.

आता डिजिटल.

पहिलं काम म्हणजे काहीच न बदलता सगळं एका नव्या मोठ्या डिस्कवर कॉपी. मूव्ह नाही, कॉपी. डिस्क १, डिस्क २, फोन सॅमसंग, फोन जुना, गूगल, व्हॉट्सअ‍ॅप असे फोल्डर करून जसंच्या तसं ओता, आणि मग मूळ डिस्क बंद करून कपाटात ठेवा, काम संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. साधं कॉपी पेस्ट करण्यापेक्षा टेराकॉपीसारखं काहीतरी वापरा ज्यात कॉपी झाल्यावर पडताळणी होते, कारण जुनी डिस्क वाचता वाचता मध्येच अडखळली तर फोटो अर्धा करडा येतो आणि ते तुम्हाला २ वर्षांनी कळतं. आणि जुन्या डिस्कमध्ये पिकासाच्या, म्हणजे गूगलच्या जुन्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरच्या, छोट्या छोट्या आयएनआय फायली दिसतील, बऱ्याचदा लपवलेल्या असतात, त्या कचरा समजून उडवू नका. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं पण तेव्हा कुणी बसून चेहऱ्यांना नावं दिली असतील तर ती अनेकदा त्या फायलींमध्येच असतात, फोटोत नसतात.

मग नाव. माझी पद्धत सांगतो, १० वर्षं झाली, बदललेली नाही. फाईलचं नाव म्हणजे तारीख, वेळ आणि जुना नंबर, बस. म्हणजे २०१४-०५-१८_१७३२०५_१२०४. पहिला तुकडा साल-महिना-दिवस, दुसरा तास मिनिट सेकंद, शेवटचा कॅमेऱ्याने दिलेला मूळ नंबर. इथे मी देवनागरीत लिहितोय पण फाईलमध्ये आकडे इंग्रजीच ठेवा, सगळ्या यंत्रांना ते सारखेच वाचता येतात. आपण बोलताना १८ मे २०१४ म्हणतो म्हणून बरेच जण दिवस आधी लिहितात, तसं केलं की सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र गोळा होतात आणि ओळीने लावणं हा जो नावाचा मुख्य उपयोग तोच जातो. मे च्या जागी ०५ च पाहिजे, नुसता ५ नाही, नाहीतर टीव्हीवर किंवा लॅबमधल्या मशीनवर १, १०, ११, २ असा क्रम लागतो. विंडोज स्वतः हुशारीने १, २, १० लावतं म्हणून घरी बघताना चूक कळतच नाही.

जुना नंबर शेपटीला ठेवायचा हे मी फार महागात शिकलोय. एका लग्नाचे ३ हजारांवर फोटो होते, मी छान तारखेनुसार नावं बदलली आणि मूळ नंबर पुसले, आणि ४ महिन्यांनी मुलीच्या वडिलांनी अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंची वहीत लिहिलेली यादी आणून दिली, ४५१२, ४५३०, ४६०१ अशी, १८० नंबर. घरातल्या सगळ्यांनी संध्याकाळी एकत्र बसून निवडलेले फोटो होते ते. यादी हातात आणि एकही फोटो सापडत नव्हता, तो अल्बम मी परत त्यांच्या घरी २ दिवस बसून निवडून घेतला. त्यात रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) आणि जेपीजी अशा जोड्या होत्या त्यांचीही फारकत झाली होती. तुमच्या आयफोनच्या लाइव्ह फोटोंचं असंच असतं, एक फोटो आणि त्याच नावाची एक छोटी मूव्ही, दोघांचं नाव वेगळं झालं की जोडी तुटते, म्हणून नाव बदलताना दोघांना एकाच खेपेत एकाच तारखेवरून घ्यायचं.

नुसत्या कॅमेऱ्याच्या नंबरवर मात्र राहता येत नाही. बहुतेक कॅमेरे डीसीएफ नावाच्या ठरलेल्या पद्धतीने चालतात, त्यात ४ अक्षरं आणि ४ आकडे, म्हणजे ०००१ ते ९९९९, मग परत ०००१. घरात २ कॅमेरे आणि १५ वर्षं म्हटल्यावर ०१२३ नंबरचे ७-८ फोटो निघणारच, आणि ते एका फोल्डरमध्ये टाकायला गेलात आणि विंडोजने विचारल्यावर घाईत "रिप्लेस" दाबलं की गेला फोटो. तारीख वेळ आणि नंबर तिन्ही मिळून नाव झालं की ही टक्कर जवळजवळ संपते.

"कऱ्हाड लग्न स्टेजवर सगळे" असं वर्णन फाईलच्या नावात घालावं का, तर माझं स्पष्ट मत, नको. प्रसंगाचं नाव फोल्डरला द्या, माणसांची नावं फोटोच्या आत. फोल्डर असे: वरती साल, त्यात २०१४-०५-१८ कऱ्हाड लग्न. प्रत्येक छोट्या गोष्टीला फोल्डर करू नका, १५-२० पेक्षा कमी फोटो असतील तर महिन्याचा एकच फोल्डर, २०१४-०६ इतर. माणसांनुसार फोल्डर तर अजिबात करू नका, एका फोटोत आत्या, काका आणि ३ पोरं असली तर तो कुणाच्या फोल्डरात जाणार? मग लोक ५ ठिकाणी कॉपी ठेवतात आणि ६० हजारांचे २ लाख होतात.

फोल्डरची नावं देवनागरीत दिली तर आता सगळीकडे चालतात, मी देतो. दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे लांबी, देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात आणि लिनक्स किंवा अँड्रॉइडवर एका नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइट असते, म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काने मात्रे वेलांट्या सगळे मोजले जातात. विंडोजला तर सगळा पत्ता मिळून २६० ची जुनी मर्यादा अजून आडवी येते. दुसरी गोष्ट आपल्या मराठीचीच आहे, कऱ्हाड, दऱ्या, वाऱ्या यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला एकसारखाच पण आतून वेगळा. फोनवर टाइप केलेलं कऱ्हाड आणि लॅपटॉपवर टाइप केलेलं कर्‍हाड, सर्चमध्ये एक टाकलं तर दुसरं येईलच असं नाही. मी स्वतः एक फोल्डर हरवला म्हणून तासभर शोधत होतो, तो समोरच होता. त्यामुळे अशी नावं एकदा लिहून एका साध्या टेक्स्ट फाईलीत ठेवायची आणि तिथूनच कॉपी करायची.

आता तुमचं सॉफ्टवेअर. कमांड लिहायची भीती वाटत नसेल तर एक्झिफटूल, फिल हार्वी नावाच्या माणसाने २००३ पासून चालवलेलं, फुकट, आणि मला माहीत असलेल्या सगळ्यात विश्वासाचं. त्यात खरं नाव बदलायच्या आधी फाईलनेम ऐवजी टेस्टनेम लिहिलं की ते नुसतं दाखवतं की काय बदलेल, प्रत्यक्ष काही करत नाही. हे दरवेळी करायचंच. लक्षात ठेवा, फोटोच्या आतली तारीख बदलताना एक्झिफटूल जुन्या फाईलची प्रत बाजूला ठेवतं पण नाव बदलताना ठेवत नाही, म्हणून जुनं नाव आणि नवं नाव यांची यादी एका फाईलीत उतरवून ठेवा. कमांड नको असेल तर विंडोजवर अ‍ॅडव्हान्स्ड रीनेमर, त्यात मागची खेप उलटवता येते. फोटो बघणं, नावं देणं, चेहरे ओळखणं यासाठी डिजिकॅम, तेही फुकट. पहिल्यांदा ५० फोटोंचा वेगळा फोल्डर करून त्यावर खेळून बघा, मग ५०० वर, मग सगळ्यावर. ६० हजार फोटोंची नावं बदलायला मशीनला तसा फार वेळ लागत नाही, त्यामुळे घाईचं कारणच नाही.

नाव देताना जी तारीख घ्यायची ती "डेट टेकन" वाली, एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोच्या आत जी माहिती लिहितो तिच्यात, तिला डेटटाइमओरिजिनल म्हणतात. "डेट क्रिएटेड" घेऊ नका, ती विंडोजवर फाईल त्या डिस्कवर कधी आली त्याची असते, तुम्ही आज कॉपी केलंत तर सगळ्यांची आजची दिसेल. "डेट मॉडिफाइड" त्यातल्या त्यात बरी, पण कुणी फोटो फिरवून सेव्ह केला की तीही बदलते.

खरा वेळ जातो तो चुकलेल्या तारखांवर, आणि इथेच सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळं होता येत नाही.

पहिला प्रकार, कॅमेऱ्याची आतली बॅटरी संपलेली आणि सगळे फोटो १ जानेवारी २००५ असे काहीतरी. याला घाबरू नका, घड्याळ चुकीचं असलं तरी चालू असतं, म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर बरोबरच असतं. त्या गठ्ठ्यातला एक असा फोटो शोधा ज्याची खरी वेळ माहीत आहे, वाढदिवसाचा केक, मागे भिंतीवरचं घड्याळ, विसर्जनाची मिरवणूक. त्याचा फरक काढा आणि तेवढाच फरक सगळ्या गठ्ठ्याला एकदम द्या, एक्झिफटूल आणि डिजिकॅम दोन्हीत होतं. मात्र मध्ये परत बॅटरी काढली असेल तर घड्याळ पुन्हा मागे गेलेलं असतं, म्हणून गठ्ठ्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन फोटो तपासा.

दुसरा प्रकार परदेशच्या ट्रिपचा. फोन आपोआप तिथली वेळ घेतो, कॅमेरा भारतातच राहतो. दुबईला दीड तास, उन्हाळ्यात पॅरिस-रोमला साडेतीन तास, न्यूयॉर्कला उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. दोन्हीचे फोटो एकत्र केले की जेवणाचे फोटो नाश्त्याच्या आधी येतात. कॅमेऱ्याच्या फोटोंमधून तेवढे तास वजा करा आणि मग एकत्र करा.

तिसरा प्रकार व्हिडिओ, आणि हा बहुतेकांना माहीतच नसतो. फोनचे एमपी४ आणि एमओव्ही व्हिडिओ आतली वेळ बहुधा जागतिक वेळेत म्हणजे यूटीसीत लिहितात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका घरी कार्तिकातल्या काकड आरतीचे व्हिडिओ होते, पहाटे ४ चे, ते सगळे आदल्या दिवशी रात्री साडेदहाला जाऊन बसले होते आणि त्याच आरतीचे फोटो मात्र बरोबर दिवशी. काकूंना वाटत होतं व्हिडिओ हरवले. लाइव्ह फोटोंच्या जोड्या सोडल्या तर फोटो आणि व्हिडिओ कधीही एका खेपेत घेऊ नका, व्हिडिओंना आधी साडेपाच तास पुढे न्या. पण काही कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात, म्हणून प्रत्येक यंत्राचा एक तरी व्हिडिओ त्याच वेळच्या फोटोशी ताडून बघा.

गूगलवरून उतरवलेल्या झिपमध्ये प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाईल येते, ती टाकू नका, तुम्ही गूगल फोटोजमध्ये बसून तारीख सुधारली असेल किंवा वर्णन लिहिलं असेल तर ते तिथे असतं, फोटोत नसतं. तिच्यातली वेळही यूटीसीत, परत साडेपाच तास. हे जुळवायला गूगल फोटोज टेकआउट हेल्पर नावाचं फुकट टूल आहे. सगळ्या झिप आधी एकाच फोल्डरात उघडा, फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्याच झिपमध्ये असं होतं.

व्हॉट्सअ‍ॅप. यातल्या फोटोंच्या आतली सगळी माहिती पुसलेली असते आणि फोटोही बारीक केलेला असतो. नावात तारीख असते, २०१६०५१४ आणि पुढे डब्ल्यूए आणि ४ आकडे, पण ती तारीख फोटो आला किंवा पाठवला त्या दिवसाची, काढल्याची नाही, आणि मागचे ४ आकडे म्हणजे वेळ नाही, त्या दिवसाचा क्रमांक आहे. टूलला नावावरून तारीख घ्यायला सांगितली तर ते या आकड्यांना तास मिनिट समजू शकतं, तेवढं बघा. मी व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळेच ठेवतो आणि नावाच्या शेवटी तशी खूण करतो म्हणजे १० वर्षांनीही कळेल की ही तारीख अंदाजे आहे. "सेंट" नावाच्या फोल्डरमधले फोटो बहुतेक तुमच्याच कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या बारीक प्रती असतात, मूळ सापडला की त्या काढता येतात. सुप्रभात आणि सणांच्या शुभेच्छा आकाराप्रमाणे लावून बघितल्या की गठ्ठ्याने दिसतात. पण घरच्या ग्रुपवर कुणीतरी जुना अल्बममधला फोटो मोबाइलने काढून टाकलेला असतो, तो त्या गर्दीत शेजारी असतो आणि कित्येकदा त्याची मूळ प्रत आता कुणाकडेच नसते, म्हणून हा ढीग डोळ्यांनी बघूनच साफ करा. आणि इथून पुढे नातेवाइकांकडून फोटो मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, मग मूळ जसाच्या तसा येतो.

डुप्लिकेटचे दोन प्रकार असतात. हुबेहूब तीच फाईल २ ठिकाणी, ही च्काव्का (Czkawka) किंवा ड्यूपगुरूसारखं सॉफ्टवेअर फाईलचा ठसा काढून बिनचूक ओळखतं, यातली एक बिनधास्त काढा. दुसरा प्रकार "सारखा दिसणारा", इथे सॉफ्टवेअर फक्त अंदाज करतं. आजीचे ओळीने काढलेले ४ फोटो त्याला सारखेच दिसणार, पण एकात ती हसतेय. हे काम मशीनला आपोआप करू देऊ नका. आणि डुप्लिकेट काढायच्या खेपा नावं बदलायच्या आधी करा, कारण कधी कधी जुन्या नावावरूनच कळतं की मूळ कुठला.

माणसांची नावं फोटोच्या आत लिहायची, डिजिकॅममध्ये कॅप्शन आणि टॅग दोन्ही आहेत. सेटिंगमध्ये जाऊन ही माहिती फाईलमध्येच लिहिली जातेय ना हे आधी तपासा, नाहीतर ती फक्त त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये राहते आणि पिकासाचं झालं तेच परत होतं. मराठीत लिहिणार असाल तर एक्सएमपी या भागात लिहिलं जाऊ द्या, तो पहिल्यापासून युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपी चालणारा, आहे, एक्झिफचं जुनं वर्णनाचं खातं इंग्रजीपुरतंच बनवलेलं होतं आणि तिथे देवनागरीचे प्रश्नचिन्ह होतात. आणि लिहिताना "मावशी" असं लिहू नका, कुणाची मावशी? पूर्ण नाव, माहेरचं नाव, आणि बाबांशी नातं. तुमची मुलं हे फोटो उघडतील तेव्हा तुमची मावशी त्यांची आजी झालेली असेल. ज्याबद्दल बाबांना खात्री नाही तिथे "बहुतेक" हा शब्द जरूर लिहा आणि कुणी सांगितलं तेही लिहा, दोन काकांच्या दोन आठवणी वेगळ्या निघाल्या तर दोन्ही ठेवा.

आयफोनचे एचइआयसी फोटो जेपीजीमध्ये बदलायच्या मागे लागू नका, मूळ ठेवा, कुणाला द्यायचा असेल तेव्हा तेवढी प्रत जेपीजी करून द्या. धूसर, हललेले फोटो आत्ता काढायला बसू नका, त्यात सगळा उत्साह संपतो. आधी सगळं लावून होऊ दे.

शेवटी बॅकअप, आणि हे मी मनापासून सांगतोय. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं त्यानंतर महिनाभर लोक माझ्याकडे ओले अल्बम घेऊन येत होते. ज्यांचे फोटो एकमेकांना चिकटून वाळले त्यांचे आम्ही फारसे वाचवू शकलो नाही. ज्यांनी ते ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत आणले, त्यांचे स्वच्छ गार पाण्यात सोडून एकेक सुटे केले आणि चेहरा वर करून सावलीत टीपकागदावर वाळवले, त्यातले पुष्कळ राहिले. तुमच्यावर कधी तशी वेळ आली तर वाळू देऊ नका, हात पुरत नसतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि मग सवडीने काढा. पण मला सगळ्यात वाईट वाटलं ते एका घराचं, त्यांनी सगळे अल्बम स्कॅन करून घेतलेले होते, हार्ड डिस्कवर, आणि दुसरी कॉपी पेन ड्राइव्हवर. अल्बम, डिस्क आणि पेन ड्राइव्ह तिन्ही त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते.

पीटर क्रोग या फोटोग्राफरने रुजवलेला ३-२-१ चा नियम आहे, ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. तुमच्यासाठी म्हणजे एक कामाची डिस्क घरी, एक प्रत क्लाउडवर, आणि एक डिस्क तुमच्या भावाकडे बंगळुरूला. गूगलचे १५ जीबी याला पुरणार नाहीत, २०२१ च्या जूनपासून तिथे फुकट अमर्याद ठेवणं बंद झालं, थोडे पैसे भरावे लागतील. क्लाउडवरची प्रत ही कामाच्या फोल्डरशी सिंक असेल तर ती बॅकअप धरू नका, इथे चुकून उडवलं की तिथेही उडतं.

भावाकडची डिस्क जुनी पडते ही अडचण सगळ्यांना येते, त्यावर आमच्याकडे एका घराने चांगली सवय लावून घेतलीये. एकसारख्या दोन डिस्क घेतल्या, वरती स्टिकरवर अ आणि ब, खाली कॉपी केल्याची तारीख. भाऊ दिवाळीला येताना अ घेऊन येतो, जाताना ताजी केलेली ब घेऊन जातो, आणि आलेली अ त्याच दिवशी लॅपटॉपला लावून ५-१० फोटो उघडून बघतात की उघडतायत ना. तुमचा भाऊ गणपतीला येत असेल तर गणपतीला करा. आणि तो येईल तेव्हा त्यालाही बाबांशेजारी बसवा, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जे "आठवत नाही" राहिलेलं असेल ते फोटो वेगळे काढून ठेवा, दोन भावंडं एकत्र बसली की बाबांना आणखी आठवतं असा माझा अनुभव आहे.